वरच्या टोकाला किती फूट होते?

हवाई प्रदर्शनात लढाऊ विमान कोसळलं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास सापडतं: वैमानिकाने अखेरच्या क्षणापर्यंत विमान गर्दीपासून दूर नेलं. कधी ते खरं असतं, कधी कुणीतरी कुटुंबाचं सांत्वन म्हणून बोललेलं असतं आणि मग तेच छापलं जातं. त्याला लागूनच दुसरी प्रतिक्रिया येते, की हे जिवावरचे खेळ कशासाठी, बंद करून टाका. दोन्ही प्रतिक्रिया माणुसकीच्या आहेत, आणि दोन्हींच्या गलबल्यात एक कोरडा प्रश्न विचारायचा राहून जातो. कसरतीच्या वरच्या टोकाला विमान किती फुटांवर होतं, आणि किती फुटांवर असायला हवं होतं?

सगळे अपघात या प्रश्नाने उलगडत नाहीत. पक्षी इंजिनात जातो, यंत्र दगा देतं. पण जे उलगडतात, तेच टाळता येण्यासारखे होते. म्हणून आधी त्यांच्याकडे पाहू.

‘स्प्लिट-एस’ नावाची कसरत घ्या. विमान वर चढतं, पाठीवर होतं, आणि मग नाक जमिनीकडे ओढत अर्धं वर्तुळ पुरं करून उलट दिशेने सरळ बाहेर पडतं. बघणाऱ्याला थरार शेवटी वाटतो, विमान जमिनीजवळ सपाट होतं तेव्हा. वैमानिकाचा निर्णय मात्र वरच होऊन गेलेला असतो. नाक एकदा पुरेसं खाली वळलं की ते अर्धवर्तुळ पुरं करण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि त्या वर्तुळाला किती जागा लागणार हे वरचा वेग ठरवतो. इथे गणित निर्दय आहे. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढ्याच जी-भाराने (वळताना विमानावर आणि माणसावर येणाऱ्या, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेल्या भाराने) वळायचं असेल आणि वेग दीडपट झाला, तर त्रिज्या सव्वादोनपट होते.

म्हणून प्रत्येक उभ्या कसरतीला एक ‘गेट’ ठरवलेलं असतं: वरच्या टोकाला किमान इतके फूट उंची, आणि वेग या दोन आकड्यांच्या मध्ये. दोन्ही जुळले तरच खाली यायचं. एक जरी चुकलं तरी तिथल्या तिथे अर्धी गिरकी घेऊन विमान सुलटं करायचं आणि कसरत सोडून द्यायची. प्रेक्षकाला कळतही नाही की काही चुकलं होतं.

१४ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेत आयडाहोतल्या माउंटन होम तळावर थंडरबर्ड्स या वायुदलाच्या प्रदर्शन पथकाच्या एका एफ-१६ने उड्डाण करताच स्प्लिट-एस सुरू केली. तळापासून २,५०० फूट उंची गाठून मग उलटायचं होतं. विमान उलटलं ते १,६७० फुटांवर. वैमानिक जमिनीपासून साधारण १४० फुटांवर असताना, विमान आदळण्याच्या ०.८ सेकंद आधी बाहेर फेकला गेला आणि वाचला. चूक काय होती? त्यांचा नेहमीचा सरावाचा तळ, नेव्हाडातला नेलिस, समुद्रसपाटीपासून माउंटन होमपेक्षा सुमारे १,१०० फूट खाली आहे. उंचीदर्शकावर दिसत होती समुद्रसपाटीपासूनची उंची. त्या आकड्यातून तळाची उंची वजा करून खरी उंची मनातल्या मनात काढायची, आणि त्या हिशेबात चुकीच्या तळाचा आकडा शिरला. अनुभवी माणसाची वजाबाकी चुकली, इतकंच.

त्यानंतर नियम बदलला तो बघण्यासारखा आहे. वजाबाकीच काढून टाकली. त्या दिवशी त्या ठिकाणी उंचीदर्शकावर जो आकडा दिसायला हवा तोच रेडिओवर बोलायचा, आणि स्प्लिट-एसला आणखी हजार फूट वर चढायचं. याला नवीन यंत्र लागलं नाही की निधी लागला नाही.

तेरा वर्षांनी, २ जून २०१६ला, टेनेसीतल्या स्मर्ना इथे सरावात अमेरिकी नौदलाच्या ब्लू एंजल्स पथकाचं एफ/ए-१८ याच कसरतीत पडलं आणि वैमानिक गेला. नौदलाच्या चौकशीत निघालं ते असं: वरच्या टोकाला उंची ठरल्यापेक्षा सुमारे ३०० फूट कमी, वेग पन्नासएक नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) जास्त, इंजिनाला जादा जोर देणारा आफ्टरबर्नर बंद करायचा राहिलेला. त्या कसरतीला वरचा वेग १२५ ते १३५ नॉट हवा असतो. त्यात पन्नास नॉटची भर पडली की त्रिज्या जवळपास दुप्पट होते. ३०० फूट कमी आहेत हे कदाचित निभावून नेता आलं असतं. दुप्पट त्रिज्येपुढे काही चालत नाही. वैमानिकाच्या थकव्याचाही अहवालात उल्लेख आहे. मोसमाच्या मध्यावर रोजचा सराव, प्रवास, भेटीगाठी, पुन्हा सराव, या चक्रात माणूस किती ताजा राहतो हे वेळापत्रक आखणाऱ्याने बघायचं असतं.

तिसरं उदाहरण इंग्लंडमधल्या शोरहॅमचं. २२ ऑगस्ट २०१५. विमान हॉकर हंटर, म्हणजे जुनं लढाऊ जेट, आता खासगी मालकीचं. लूपमध्ये, म्हणजे उभं वर्तुळ काढण्याच्या कसरतीत, शिरताना वेग किमान ३५० नॉट हवा होता, होता ३१०च्या आसपास. वरच्या टोकाला किमान ३,५०० फूट हवे होते, मिळाले २,७००. तरीही कसरत पुढे चालू राहिली आणि विमान शेजारच्या ए-२७ महामार्गावर पडलं. ११ माणसं मेली, आणि ती सगळी प्रदर्शनाच्या कुंपणाबाहेरची होती. तपास अहवालातल्या दोन गोष्टी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. एक, वरचं टोक ओलांडल्यावरही सुमारे चार सेकंदांपर्यंत कसरत सोडून निसटता आलं असतं. दोन, हंटरवर ती निसटण्याची कृती करण्याचं औपचारिक शिक्षण त्या वैमानिकाला मिळालेलंच नव्हतं. तो दुसऱ्या, हलक्या जेटवरही प्रदर्शनं करत असे, आणि त्या विमानाचे आकडे डोक्यात आले असावेत ही शक्यताही अहवालाने मांडली आहे. माउंटन होममध्ये दुसऱ्या तळाचा आकडा, इथे बहुधा दुसऱ्या विमानाचा.

म्हणजे पाठांतरावर विसंबून चालत नाही. आकडा त्या दिवसाचा, त्या तळाचा, त्या विमानाचा हवा, आणि मांडीवरच्या कार्डावर लिहिलेला हवा. हवामान तो बदलतं हेही विसरू नये. समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांवरचा तळ घ्या (बंगळुरूजवळचं येलहंका साधारण तितकंच उंच आहे) आणि तापमान ३३ अंश धरा. हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण जणू ६,००० फुटांवर आहोत असं वाटतं. वेगदर्शकावर जो वेग दिसतो त्यापेक्षा खरा वेग नऊएक टक्के जास्त, त्यामुळे त्रिज्या अठरा-एकोणीस टक्के मोठी, आणि वर इंजिनाचा जोरही कमी. समुद्रकाठच्या तळावर बसवलेला कार्यक्रम दुपारी पठारावर तसाच्या तसा उडवणं म्हणजे नकळत गेट खाली आणणं आहे.

आता गर्दीचं. याबाबतीत नियम रक्ताने लिहिले गेलेत असं म्हणतात, आणि इथे ते अक्षरशः खरं आहे. ६ सप्टेंबर १९५२ला फार्नबरोमध्ये डीएच-११० हे चाचणी विमान प्रेक्षकांच्या दिशेने वळताना हवेतच तुटलं. सुटलेली इंजिनं आपल्या वेगाने सरळ पुढे गेली, त्यातलं एक थेट माणसांत. २९ प्रेक्षक आणि विमानातले दोघे गेले. तुटलेल्या तुकड्याला सुकाणू नसतं, तो आधीच्याच दिशेने जात राहतो. त्यामुळे विमानाची गती कधीही प्रेक्षकांकडे रोखलेली नको, ती त्यांना समांतर हवी. हे ब्रिटनने त्या अपघातानंतर ओळखलं. तरी २८ ऑगस्ट १९८८ला जर्मनीतल्या रामश्टाइन तळावर इटलीच्या फ्रेच्चे त्रिकोलोरी पथकाने आकाशात धुराचं हृदय काढलं आणि एकट्या विमानाने प्रेक्षकांच्या दिशेने येत ते भेदायचं अशी कसरत ठेवली. एकटं विमान छेदनबिंदूवर इतर विमानांना धडकलं आणि जळत गर्दीत शिरलं. तीन वैमानिकांसह ७० मृत्यू. जखमींची आबाळ झाली ती वेगळीच: अमेरिकी आणि जर्मन पथकांच्या सलाईनच्या नळ्या एकमेकींना बसत नव्हत्या. २७ जुलै २००२ला युक्रेनमधल्या ल्विव्हजवळ स्क्निलिव्ह तळावर सुखोई-२७ खाली आलं आणि उभ्या गर्दीतून गेलं. ७७ मेले, त्यात २८ मुलं. दोन्ही वैमानिक बाहेर पडून वाचले आणि पुढे तुरुंगात गेले.

अमेरिकेत २४५ नॉटपेक्षा वेगवान विमानाची कसरतरेषा (ज्या रेषेवरून ते कसरती करतं ती) प्रेक्षकांपासून किमान १,५०० फूट, म्हणजे साधारण ४५७ मीटर दूर असते. ३०० नॉटने जाणारं जेट सेकंदाला दीडशे मीटर कापतं. म्हणजे हे सगळं अंतर तीन सेकंदांचं आहे, आणि तेसुद्धा गती समांतर असेल तरच त्याचा काही उपयोग. प्रेक्षकांपुढची दोरी मागे सरकवली की प्रेक्षक कुरकुरतात, आयोजकाला वाईट वाटतं. कुरकुरू द्यावं. चारशे-साडेचारशे मीटरवरून नऊ विमानांची रचना अधिक नीट दिसते, जवळून मान मोडते आणि एकच विमान दिसतं.

पण दोरीच्या आतले वाचले म्हणजे झालं नाही, हे शोरहॅमने दाखवलं. ३ मार्च २०१०ला हैदराबादेत भारतीय नौदलाच्या सागर पवन पथकाचं किरण विमान बोवेनपल्लीतल्या इमारतीवर पडलं, दोघे नौदल अधिकारी गेले. १६ सप्टेंबर २०२३ला इटलीत तुरिनच्या विमानतळावरून उडताच फ्रेच्चे त्रिकोलोरीचं एक विमान कोसळलं. कसरत सुरूही झाली नव्हती. वैमानिक वाचला, विमानतळाबाहेरच्या रस्त्यावरून मोटारीतून जाणारी पाच वर्षांची मुलगी मेली. तिकीट काढलेल्याने निदान जोखीम पत्करलेली असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. त्यामुळे नकाशावर कसरतीचा चौकोन आखताना त्याखालचा रस्ता, वस्ती, शाळा मोजायला हवी, आणि गरज पडली तर रस्ता अर्धा तास बंद ठेवायला हवा. शहराच्या पोटात गेलेल्या जुन्या विमानतळावर उभ्या कसरती करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे सरळ संचलन पुरे.

आणि धोका नेहमी वरूनच येतो असं नाही. ६ ऑक्टोबर २०२४ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुदलाचं प्रदर्शन सुखरूप पार पडलं, एकाही विमानाचं काही चुकलं नाही, आणि जमलेल्या अफाट गर्दीतली पाच माणसं मेली. ऊन आणि गर्दी.

रचनेत उडणाऱ्यांची एक वेगळीच अडचण असते. बाजूच्या विमानाचा वैमानिक जमीन बघत नाही. लीडरच्या पंखाच्या टोकावरचा दिवा त्याच्याच धडावरच्या ठरलेल्या खुणेशी जुळवून ठेवायचा आणि नजर तिथून हलवायची नाही, हे त्याचं काम. १८ जानेवारी १९८२ला नेव्हाडात थंडरबर्ड्सची चार टी-३८ जेट विमानं एका ओळीत लूप करत होती. लीडरच्या विमानाचं शेपटाकडचं नियंत्रण अडकल्याने त्याला वेळेत नाक वर घेता आलं नाही, असा निष्कर्ष निघाला. उरलेली तिन्ही विमानं त्याच्यामागोमाग जमिनीत गेली. त्यांच्यातल्या कुणी चूक केली नाही. त्यांनी शिकवलेलं तंतोतंत पाळलं. म्हणूनच रचनेबाहेरचा, जमिनीवर उभा असलेला डोळा लागतो. ब्रिटनच्या रेड ॲरोज पथकात ‘रेड १०’ हा त्यासाठीच असतो: प्रदर्शनाच्या जागी जमिनीवरून कार्यक्रम पाहणारा, रेडिओवर थेट बोलणारा वैमानिक. ढग किती खाली आहेत त्यावर कार्यक्रमही आधीच ठरलेला असतो. पायथा पुरेसा उंच असेल तर लूपसकट पूर्ण कार्यक्रम, मध्यम उंचीवर असेल तर नुसत्या गिरक्या, फार खाली असेल तर सपाट उड्डाण. मंत्री आले आहेत म्हणून ढग वर जात नाहीत.

‘नॉक इट ऑफ’ म्हणजे सगळं सोडा आणि सुरक्षित उंची घ्या. हे शब्द उच्चारण्याचा हक्क पथकातल्या सर्वांत कनिष्ठ माणसालाही असतो, निदान कागदावर. प्रत्यक्षात काय होतं ते २४ जून १९९४ला अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड तळावर दिसलं. प्रदर्शनाच्या सरावात एका बी-५२ बॉम्बर विमानाने नियंत्रण मनोऱ्याभोवती अवघ्या २५० फुटांवर तीव्र वळण घेतलं, पंख जवळजवळ उभे झाले, उचल संपली. चौघे अधिकारी ठार. त्या वैमानिकाने आधीच्या तीन वर्षांत कित्येकदा मर्यादा मोडल्या होत्या, त्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या आणि वरिष्ठांनी तोंडी समज देऊन सोडल्या होत्या. एका स्क्वाड्रन प्रमुखाने त्याचं उड्डाण थांबवा अशी मागणी केली, ती फेटाळली गेली. मग या माणसाने ठरवलं की आपल्या तरुण वैमानिकांना त्याच्यासोबत पाठवायचं नाही, जायचंच तर आपणच सहवैमानिक म्हणून जाऊ. त्या दिवशी तोच शेजारच्या खुर्चीत होता.

२८ जुलै २०१०ला अलास्कात सी-१७ हे अवाढव्य मालवाहू विमान प्रदर्शनाच्या सरावात पडलं, त्यातही चौघे गेले. त्या कार्यक्रमात वळताना स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, धोक्याची सूचना वाजायची, आणि ती क्षणिक आहे म्हणून वळण पुरं करायचं अशी सवय लागून गेली होती. रोज वाजणारी घंटा कुणाला ऐकू येत नाही.

आता त्या ‘विमान दूर नेलं’ या वाक्याकडे परत येतो, कारण मला ते घातक वाटतं. गेलेल्या माणसाविषयी कृतज्ञता असावीच. पण दीडशे मीटर प्रतिसेकंद वेगाने, नाक जमिनीकडे असताना, शेवटच्या दोन सेकंदांत विमान फारसं कुठे नेता येत नाही. आजची इजेक्शन खुर्ची थांबलेल्या विमानातूनही माणसाला वाचवते, मात्र विमान वेगाने खाली येत असेल किंवा कलंडलेलं असेल तर तिची कुवत झपाट्याने घटते. माउंटन होमचा वैमानिक ०.८ सेकंदाने वाचला. आणखी एक सेकंद थांबला असता तर त्याच्यावरही तेच गौरवाचं वाक्य छापून आलं असतं. समाजाने उशीर करणाऱ्याला वीर ठरवलं की पुढच्या वैमानिकाचा हात इजेक्शनची मूठ ओढताना अडखळतो. विमान सोडायची उंची जमिनीवरच, ब्रीफिंगमध्ये ठरवायची असते. आणि कसरतीचा चौकोन असा आखायचा असतो की मोकळं सुटलेलं विमान रिकाम्या जागी पडेल. ते वळवण्याची जबाबदारी मरणाऱ्यावर टाकणं हा आखणाऱ्यांचा पळपुटेपणा आहे.

शरीराच्या मर्यादेचंही तसंच. २० ऑगस्ट २०११ला बोर्नमथजवळ रेड ॲरोजचा एक वैमानिक प्रदर्शन संपवून उतरायला वळताना गेला. जी-भाराने मेंदूकडचं रक्त उतरून काही क्षण कृती करण्याची शक्ती गेली असावी, असा चौकशीचा कल होता. पोट-मांड्या आवळून दर तीनएक सेकंदांनी झटका श्वास घ्यायचा ताण सगळ्यांना शिकवलेला असतो. कार्यक्रम संपला म्हणून तो सैल सोडण्याचा मोह शेवटच्या वळणावरच होतो. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याच पथकातला दुसरा वैमानिक उभ्या विमानात मेला. खुर्ची चुकून उडाली. सुरक्षा पिन जागेवर दिसत होती, पण मूठ धोक्याच्या स्थितीत होती, आणि पॅराशूट सोडणाऱ्या कडीचा बोल्ट जास्त आवळलेला असल्याने पॅराशूट उघडलं नाही. एक बोल्ट.

हे सगळं तपशीलवार सांगता येतं ते त्या देशांनी अहवाल उघड केले म्हणून. अमेरिकी वायुदल दोन चौकश्या करतं. एक गोपनीय, जिच्यात माणूस शिक्षेच्या भीतीशिवाय बोलतो. दुसरी जाहीर, जिच्यात आकडे असतात. ही व्यवस्था शहाणपणाची आहे. आपल्याकडे सूर्यकिरण पथकाचे बीदरजवळचे २००६ आणि २००९चे अपघात, १९ फेब्रुवारी २०१९ची येलहंकाची टक्कर, हैदराबादचा किरण, २१ नोव्हेंबर २०२५ला दुबईत पडलेलं तेजस, यांतल्या शहिदांची नावं लोकांना ठाऊक आहेत. कोर्ट ऑफ इन्क्वायरी दरवेळी बसते, पण तिचे पूर्ण अहवाल सहसा लोकांपुढे येत नाहीत. लढाईतल्या किंवा सीमेवरच्या अपघाताचं गुपित समजू शकतं. प्रदर्शन मात्र आपण होऊन केलेलं, लोकांना बोलावून दाखवलेलं उड्डाण आहे, आणि शेकडो मोबाइल ते टिपत असतात. कसरतीच्या गेटची उंची शत्रूच्या काय कामाची? ती कामाची आहे दुसऱ्या पथकातल्या, पुढच्या मोसमात तीच कसरत बसवणाऱ्या वैमानिकाला.

बंदीचा मला पटत नसलेला युक्तिवाद एवढ्यापुरता बरोबर आहे, की ज्या जोखमीची वाच्यता करता येत नाही ती घेऊही नये. प्रदर्शनाच्या पत्रिकेत विमानांची नावं, वेळा, प्रमुख पाहुणे छापलेले असतातच. त्याखाली चार ओळींची जागा असते. कसरतरेषा प्रेक्षकांपासून किती मीटर, ढगांचा पायथा किती खाली आल्यावर उभ्या कसरती रद्द, खालचा कुठला रस्ता किती वाजता बंद, आणि मध्येच थांबवा म्हणण्याचा अधिकार जमिनीवरच्या कुठल्या अधिकाऱ्याकडे.